लिव्हर बदललं, तरी दारू का सुटली नाही? जॉर्ज बेस्टची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेलं अडखळणं तेवढं काढून टाकलंय, बाकी भाषा तीच आहे.

आजचा प्रश्न छोटा आहे. ३० जुलै २००२ ला लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये एका ५६ वर्षांच्या माणसाचं लिव्हर बदललं. ऑपरेशन कित्येक तास चाललं, रक्ताच्या पिशव्यांवर पिशव्या लागल्या आणि तो जेमतेम वाचला. स्वतःचं लिव्हर दारूपायी गेलं होतं. आता तो दुसऱ्या कुणाच्या तरी लिव्हरवर जगणार होता. आणि पुढच्या उन्हाळ्यात हाच माणूस पुन्हा पबमध्ये पिताना दिसला.

का? मरणाच्या दारातून परत आल्यावरही का?

माणसाचं नाव जॉर्ज बेस्ट. फुटबॉल बघणाऱ्यांना ते माहीत असेलच. बाकीच्यांनी आत्ता एवढंच लक्षात ठेवा की आपल्याकडे एखाद्या खेळाडूबद्दल 'देवाची देणगी' म्हणतात ना, तसं ज्यांच्याबद्दल डोळे झाकून म्हणता येईल अशा मोजक्या लोकांपैकी तो एक.

एक आधीच सांगतो. मी डॉक्टर नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एखादी गोष्ट बिघडली की ती नेमकी कुठे बिघडली हे शोधायची मला सवय आहे, आणि आजचा भाग त्याच सवयीतून आलाय. यातलं काही वाचून कुणी औषधं बदलू नका किंवा एकदम बंद करू नका. का, ते पुढे येईलच.

आधी खेळाडू बघू

बेस्टचा जन्म २२ मे १९४६ चा, उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचा. वडील डिकी जहाजबांधणीच्या कारखान्यात कामाला. घर क्रेगा नावाच्या कामगार वस्तीत. पोरगा इतका लुकडा की स्थानिक क्लबने 'हा फार लहानखुरा आहे' म्हणून नको म्हटलं. मग मँचेस्टर युनायटेडसाठी खेळाडू हेरणाऱ्या बॉब बिशपच्या नजरेला तो पडला. मला एक जीनियस सापडलाय, असं बिशपने युनायटेडचे मॅनेजर मॅट बस्बी यांना कळवल्याची गोष्ट आजही सांगितली जाते.

१९६१ मध्ये १५ वर्षांचा बेस्ट मँचेस्टरला गेला आणि घरची आठवण येते म्हणून लगेच परतही आला. समजूत काढून त्याला पुन्हा पाठवावं लागलं. हा तपशील लक्षात ठेवा. हा मुळात लाजाळू मुलगा होता.

१४ सप्टेंबर १९६३ ला, १७ व्या वर्षी, तो युनायटेडच्या मुख्य संघातून पहिला सामना खेळला. त्यानंतरची पाच वर्षं म्हणजे निव्वळ कमाल. दोन्ही पाय सारखेच चालायचे. बॉल बुटाला चिकटल्यासारखा. बचाव करणारे त्याला पाडायला यायचे आणि स्वतःच बसून राहायचे. मार्च १९६६ मध्ये युरोपियन कपच्या सामन्यात युनायटेडने बेनफिकाला त्यांच्याच लिस्बनमध्ये ५-१ असं हरवलं, त्यात सुरुवातीच्या काही मिनिटांत बेस्टचे दोन गोल होते. लांब केस, देखणा चेहरा. पत्रकारांनी नाव ठेवलं 'एल बीटल'. बीटल्सच्या गाण्यांनी तेव्हा जग वेडं झालं होतं, त्यांच्यासोबत आता एका फुटबॉलपटूचं नाव घेतलं जायला लागलं.

२९ मे १९६८. वेम्बलीवर युरोपियन कपची फायनल, समोर पुन्हा बेनफिका. दहा वर्षांपूर्वी म्युनिकच्या विमान अपघातात युनायटेडने आपले आठ खेळाडू गमावले होते, त्यामुळे हा सामना क्लबसाठी सामन्यापेक्षा फार मोठा होता. ९० मिनिटांनंतर १-१. जादा वेळेत बेस्टने गोलकीपरलाही चकवून दुसरा गोल केला आणि युनायटेड ४-१ ने जिंकलं. त्याच वर्षी युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ऑर त्याला मिळाला. वय २२.

आणि मँचेस्टर युनायटेडकडून त्याने जिंकलेली ती शेवटची मोठी ट्रॉफी.

घसरण कशी दिसते

घसरण एका रात्रीत झाली नाही, आणि इथेच आपली फसगत होते. आपल्या डोक्यात दारुड्याचं चित्र म्हणजे गटारात पडलेला माणूस. पण ७ फेब्रुवारी १९७० ला नॉर्दम्प्टनविरुद्ध एफए कपच्या एकाच सामन्यात बेस्टने सहा गोल केले, तेव्हा त्याचं पिणं सुरू होतंच. असा माणूस दिसला की आसपासचे लोक काय म्हणणार? चाललंय ना सगळं नीट, मग प्रॉब्लेम काय?

मग प्रॅक्टिसला दांड्या सुरू झाल्या. मध्येच गायब होणं सुरू झालं. १९७२ मध्ये, २६ व्या वर्षी, त्याने स्पेनमधून जाहीर केलं की मी निवृत्त होतोय. नंतर परत आला. १ जानेवारी १९७४ ला तो युनायटेडकडून शेवटचा खेळला. खाती ४७० सामने आणि १७९ गोल. वय २७. साधारण या वयात बरेच खेळाडू आपल्या सर्वोत्तम वर्षांत शिरतात.

पुढची दहाएक वर्षं तो क्लब बदलत राहिला. इंग्लंडमधले छोटे क्लब, आयर्लंड, लॉस एंजेलिस, फुलहॅम, फोर्ट लॉडरडेल, स्कॉटलंडचा हिबर्नियन, सॅन होजे. हिबर्नियनने १९८० मध्ये पिऊन सामना चुकवला म्हणून त्याला काढलं आणि थोड्याच दिवसांत परत घेतलं. का घेतलं? कारण तो मैदानात उतरला की तिकिटं खपत. त्याच्या पिण्याचा त्रास सगळ्यांना होता, पण त्याच्या नावावर पैसेही सगळेच कमवत होते.

१९८४ मध्ये दारू पिऊन गाडी चालवणं आणि पोलिसावर हात उचलणं यासाठी तुरुंगवास झाला. त्या वर्षीचा ख्रिसमस तुरुंगात गेला. २००० मध्ये डॉक्टरांनी सांगितलं की लिव्हर जवळजवळ निकामी झालंय. २००२ मध्ये प्रत्यारोपण. आणि मग आपला सुरुवातीचा प्रश्न.

बिघाड नेमका कुठे होता?

बेस्टबद्दल तेव्हा जे लिहिलं गेलं त्यात राग खूप होता. सरकारी आरोग्यसेवेच्या खर्चाने ऑपरेशन झालं, कुणीतरी मरताना दिलेलं लिव्हर मिळालं, आणि हा पुन्हा पितोय! राग मला समजतो. पण त्या रागामागे एक गृहीतक आहे: लिव्हर खराब होणं हाच आजार होता, तो डॉक्टरांनी दुरुस्त केला, आता जे चाललंय तो नुसता माज.

आता आमच्या कामातलं एक उदाहरण देतो. सर्व्हरची हार्ड डिस्क सारखी भरते. तुम्ही नवीन, मोठी डिस्क बसवता. महिन्याभरात तीही भरते. कारण एक प्रोग्रॅम दर सेकंदाला नको ती फाईल लिहीत बसलाय, आणि त्याला कुणी हातच लावलेला नाही. डिस्क हा बिघाडाचा परिणाम होता. उगम दुसरीकडेच होता.

दारूच्या व्यसनात तो उगम मेंदूत असतो. तिथे तीन गोष्टी होतात.

पहिली. मेंदूत गाडीसारखे ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर असतात असं समजा. गाबा नावाचं रसायन ब्रेक लावतं, ग्लुटामेट वेग वाढवतं. दारू ब्रेक दाबते आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढते, म्हणून सैल, निवांत वाटतं. पण रोज पिणाऱ्याचा मेंदू गप्प बसत नाही. समतोल राखायला तो ब्रेक ढिले करतो आणि अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबून धरतो. मग तेवढ्याच पेगमध्ये काही वाटेनासं होतं. आपल्याकडे याला कौतुकाने 'त्याला पचते' म्हणतात. चार पेग मारले तरी गडी सरळ चालतो, वा! मंडळी, ती ताकद नाहीये. ते आजाराचं सुरुवातीचं लक्षण आहे.

आणि अशा माणसाने दारू एकदम थांबवली तर? ब्रेक ढिले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, छातीत धडधडतं. काहींना फिट येते. काहींना दोन-चार दिवसांत भास व्हायला लागतात, आणि ती अवस्था जीवघेणी ठरू शकते. म्हणूनच वर म्हटलं की वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला घरात कोंडून, 'बघू कसा पितो' म्हणून एकदम बंद करायला लावू नका. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

दुसरी गोष्ट. मेंदू शिकतो. जिथे जिथे पटकन सुख मिळालं त्या जागा, वेळा, वास, माणसं तो पाठ करून ठेवतो. डोपामिन नावाचं रसायन या पाठांतराचं काम करतं. शनिवारची संध्याकाळ, ग्लासात बर्फ पडल्याचा आवाज, ठरलेला मित्र, नुसतं एवढ्याने तलफ उठते. एका लाजाळू मुलाला चार लोकांत मोकळं व्हायला दारूची मदत झाली असेल, तर त्याचा मेंदू हे शिकतो की लोक म्हणजे दारू. आणि बेस्टच्या आयुष्यात चोवीस तास लोकच लोक होते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मेंदूचा पुढचा भाग, कपाळामागचा, हा 'थांब, उद्याचा विचार कर' असं सांगणारा भाग. वर्षानुवर्षांच्या दारूने हाच भाग दुबळा होतो. आपण व्यसनी माणसाला म्हणतो, इच्छाशक्ती वापर. पण ज्या अवयवातून इच्छाशक्ती येते तोच आजारी आहे. पाय मोडलेल्या माणसाला 'चालत दवाखान्यात ये' असं सांगितल्यासारखं आहे ते.

आता लिव्हर बदलण्याच्या ऑपरेशनकडे बघा. या तिन्हीपैकी कशाला त्या ऑपरेशनने हात लावला? कशालाच नाही. नवीन लिव्हर आलं, पण ५६ वर्षांचा मेंदू तोच राहिला.

इथे एक गैरसमज व्हायला नको. बेस्टमुळे 'दारुड्यांना लिव्हर देऊच नये' असं बरेच जण म्हणायला लागले. प्रत्यक्षात दारूमुळे लिव्हर बदलाव्या लागलेल्या रुग्णांपैकी बहुतेक जण पुन्हा पहिल्यासारखे प्यायला लागत नाहीत. फक्त त्यासाठी ऑपरेशनच्या आधी आणि नंतर व्यसनावरचे उपचार चालू राहावे लागतात.

गोळी होती, तरीही

'मग औषध नव्हतं का?' असं तुम्ही विचाराल. होतं, आणि बेस्टने घेतलंही. डायसल्फिरम, बाजारातलं ओळखीचं नाव अँटाब्यूज. दारू पचताना शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो आणि एक एन्झाइम त्याची लगेच विल्हेवाट लावतं. हे औषध त्या एन्झाइमला अडवतं. मग थोडी जरी दारू पोटात गेली तरी तोंड लाल होतं, उलट्या होतात, छाती धडधडते. म्हणजे दारूबद्दलची भीती शरीरातच बसवायची.

बेस्टने तर या औषधाच्या गोळ्या पोटाच्या त्वचेखाली शिवून घेतल्या होत्या, तेही एकापेक्षा जास्त वेळा. विचार करा. ज्याला सोडायचंच नाही तो माणूस स्वतःच्या पोटात औषध शिवून घेईल? त्याला सोडायचं होतं. काही काळ तो सोडायचाही. १९८० च्या आसपास अमेरिकेत खेळत असताना त्याने उपचार केंद्रातही दिवस काढले. पण भीतीवर चालणारं औषध मदत करतं ते बाकीची व्यवस्था सोबत असेल तरच. रोज कुणीतरी विचारणारं हवं, जगण्याची दुसरी घडी बसवायला हवी. नुसती भीती कधीतरी संपते आणि तलफ शिल्लक राहते.

आज यापेक्षा वेगळी औषधंही आहेत. नाल्ट्रेक्सोन दारूतून मिळणारी मजा कमी करतं, अकॅम्प्रोसेट त्या बिघडलेल्या ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटरला सावरायला मदत करतं. दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची. आणि दोन्ही एकटी पुरत नाहीत.

घराण्याचाही भाग असतो. बेस्टची आई अ‍ॅन हिला मोठ्या वयात दारूचं व्यसन लागलं आणि १९७८ मध्ये दारूशी संबंधित आजारानेच ती गेली. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसतं की दारूच्या व्यसनाचा धोका साधारण अर्ध्यापर्यंत आनुवंशिक असतो. याचा अर्थ नशिबात लिहिलंय असा नाही. आईवडिलांना मधुमेह असेल तर आपण साखर आधीपासून तपासतो, तेवढाच अर्थ घ्या.

हसणारे लोक

आता मला ज्या भागाचा सगळ्यात जास्त त्रास झाला तो.

बेस्ट फार विनोदी बोलायचा. हॉटेलच्या खोलीतला किस्सा तो स्वतःच रंगवून सांगायचा. खोलीत विश्वसुंदरी, पलंगावर जुगारात जिंकलेल्या नोटा, शॅम्पेन घेऊन आलेला वेटर, आणि तो वेटर हळहळून विचारतो की जॉर्ज, हे सगळं बिघडलं कुठे? हा किस्सा जगभर फिरला. आपल्याकडच्या फुटबॉलच्या ग्रुपवरही फॉरवर्ड होतो. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठेतल्या पोराला तालमीच्या संघांची नावं बाराखडीच्या आधी येतात, आणि हा किस्सा मी शाळेत असताना मैदानाच्या कट्ट्यावरच पहिल्यांदा ऐकला. सगळे हसले होते. किस्सा आहेच तसा. पण त्या वेटरच्या प्रश्नाला विनोद म्हणून हसून झाल्यावर, तो प्रश्न खराखुरा म्हणून विचारायची जागाच उरत नाही.

१९९० मध्ये बीबीसीवरच्या वोगनच्या शोमध्ये बेस्ट दारू पिऊन आला. थेट प्रक्षेपण. जीभ अडखळतेय, बोलणं भरकटतंय, आणि स्टुडिओतले प्रेक्षक हसतायत. ते दुष्ट नव्हते. त्यांना वाटलं हाच तर त्यांचा नेहमीचा जॉर्ज. पुढे बेस्टने स्वतः त्या संध्याकाळबद्दल खंत व्यक्त केली. ती क्लिप बघितली तर एक प्रयोग करा. आवाज बंद करून फक्त त्याचा चेहरा बघा. एक आजारी माणूस दिसेल.

काळाचाही हात होता. इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या पगारावर आठवड्याला २० पौंडांची मर्यादा होती, ती १९६१ मध्ये उठली, म्हणजे बेस्ट मँचेस्टरला पोचला त्याच वर्षी. हातात खरा पैसा आणि पॉपस्टारची प्रसिद्धी, दोन्ही एकदम मिळालेल्या पहिल्या पिढीतला हा मुलगा. मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ ही आजची फौज तेव्हा नव्हती. सामन्यानंतर संघाने मिळून पिणं हा तर संघभावनेचाच भाग मानला जायचा.

दुसरी वाट: टोनी अ‍ॅडम्स

मग सुटतच नाही का? सुटते. टोनी अ‍ॅडम्स बघा, आर्सेनल आणि इंग्लंडचा कप्तान. १९९० मध्ये दारू पिऊन गाडी ठोकली, चार महिन्यांची शिक्षा झाली, त्यातले साधारण निम्मे दिवस आत काढले. बाहेर आला, आणि पुढची पाच-सहा वर्षं पीतच राहिला, कप्तान म्हणून ट्रॉफ्याही उचलत राहिला. म्हणजे इथवर गोष्ट बेस्टसारखीच. तुरुंगाने बेस्टची सुटली नाही तशी त्याचीही सुटली नाही.

ऑगस्ट १९९६ मध्ये तो थांबला, आणि सप्टेंबरमध्ये त्याने सहकाऱ्यांना बोलावून सांगितलं की मी अल्कोहोलिक आहे. याआधी १९९४ च्या अखेरीस त्याच संघातल्या पॉल मर्सनने आपलं व्यसन जाहीर केलं होतं आणि उपचार घेऊन तो खेळायला परतला होता. म्हणजे अ‍ॅडम्सच्या ड्रेसिंग रूममध्ये आधीच कुणीतरी हे बोललं होतं. थोड्याच आठवड्यांत आर्सेन वेंगर मॅनेजर म्हणून आले आणि क्लबातल्या खाण्यापिण्याच्या सवयीच बदलल्या. अ‍ॅडम्स अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकांना जात राहिला. १९९८ आणि २००२ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली आर्सेनलने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. २००० मध्ये त्याने व्यसनाशी झगडणाऱ्या खेळाडूंसाठी स्पोर्टिंग चान्स ही संस्था उभी केली.

अ‍ॅडम्सची जिद्द बेस्टपेक्षा जास्त होती असं मला वाटत नाही. पोटात औषध शिवून घेणाऱ्याला मी लेचापेचा म्हणणार नाही. अ‍ॅडम्सला योग्य वेळी तीन गोष्टी एकत्र मिळाल्या: 'मला आजार आहे' हे मोठ्याने म्हणायची जागा, त्याच वाटेने आधी गेलेली माणसं, आणि रोजचा दिवस बदललेला क्लब. बेस्टला यातलं थोडं थोडं वेगवेगळ्या वेळी मिळालं, एकत्र आणि टिकून असं फार कमी. शिवाय त्याचं नाव इतकं मोठं होतं की ज्या खोलीत जाईल तिथे त्याला एक पेग पाजणं हा लोकांना सन्मान वाटायचा.

आपल्याकडे काय

२०१९ मध्ये केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल आला. त्यानुसार देशात १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि त्यातल्या ५.७ कोटींहून जास्त जणांना त्याचा अपाय होतोय किंवा व्यसन लागलंय. त्यातले उपचारापर्यंत पोचतात ते अगदी थोडे.

महाराष्ट्रात मात्र पोचायची वाट जुनी आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने. व्यसन हा आजार आहे आणि व्यसनी माणूस हा रुग्ण आहे, ही भाषा मराठी घरांत पोचवण्यात या कामाचा मोठा वाटा आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मराठी बैठकाही होतात. नाव सांगायची सक्ती नाही, फी नाही. कुठे फोन करावा कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, हे दोन्ही सरकारी क्रमांक मोफत आहेत.

स्वतःपुरतं तपासायचं असेल तर डॉक्टर चार साधे प्रश्न विचारतात. कमी करायला हवी असं कधी वाटलंय का? कुणी पिण्याबद्दल बोललं की राग येतो का? पिण्यावरून अपराधी वाटतं का? सकाळी उठल्या उठल्या, हात स्थिर व्हावेत किंवा हँगओव्हर जावा म्हणून घेतली आहे का? दोन उत्तरं 'हो' असली तर डॉक्टरांशी बोला. आपल्या आयटीतल्या मंडळींनीही हे प्रश्न एकट्याने बसून वाचावेत. शुक्रवारची पार्टी गुरुवारवर आणि मग बुधवारवर कधी सरकली, ते कॅलेंडर बघून कळत नाही.

आणि घरच्यांसाठी. मागच्या भागांनंतर आलेल्या मेलमध्ये सगळ्यात जास्त पत्रं बायकांची आणि बहिणींची होती, म्हणून हे जरा थांबून सांगतो.

बाटल्या लपवून, शपथा घालून, मुलांच्या डोक्यावर हात ठेवायला लावून हा आजार जात नाही. शपथ मोडली की अपराधीपणा वाढतो, आणि अपराधीपणावर त्याला माहीत असलेलं औषध एकच आहे. ऑफिसला फोन करून 'त्यांना ताप आहे' असं तुम्ही सांगू नका. उधारी तुम्ही फेडू नका. पिण्याचे परिणाम तुम्ही झेलत राहिलात की ते त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. बोलायचं असेल तर सकाळी, तो शुद्धीत असताना बोला. 'तू असा आहेस' असं म्हणण्यापेक्षा 'काल रात्री हे झालं, पोरं घाबरली' असं, घडलं तेवढंच सांगा. मारहाण होत असेल तर आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता, उपचाराचं नंतर बघू. तो यायला तयार नसला तरी तुम्ही एकट्या समुपदेशकाकडे जाऊ शकता. आणि सुटून पुन्हा सुरू झाली तर 'सगळं वाया गेलं' असं समजू नका. मधुमेहात साखर पुन्हा वाढली म्हणून आपण औषध फेकून देत नाही. परत डॉक्टरकडेच जातो.

शेवटची दोन वर्षं

बेस्टचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. २००४ च्या सुरुवातीला दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल त्याला पुन्हा शिक्षा झाली. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला नवीन अवयव शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात, त्यामुळे साधा जंतुसंसर्गही भारी पडतो. ऑक्टोबर २००५ मध्ये तो लंडनच्या क्रॉमवेल हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. आधी किडनीचा संसर्ग, मग फुप्फुसं, मग एकेक अवयव. नोव्हेंबरमध्ये त्याच्याच सांगण्यावरून त्याचा हॉस्पिटलच्या पलंगावरचा फोटो एका वर्तमानपत्रात छापला गेला. पिवळी पडलेली कातडी, नळ्या. माझ्यासारखं मरू नका, एवढाच त्याचा निरोप होता. त्या फोटोत एकही विनोद नव्हता.

२५ नोव्हेंबर २००५ ला तो गेला. वय ५९. बेलफास्टच्या रस्त्यांवर पावसात प्रचंड गर्दी उभी राहिली. रोझलॉन स्मशानभूमीत आईच्या शेजारी त्याला पुरलं. पुढच्या वर्षी शहराच्या विमानतळाला त्याचं नाव दिलं गेलं.

त्या गर्दीचं प्रेम खरं होतं याबद्दल मला शंका नाही. म्हणून पुढच्या वेळी आपल्या टीममधल्या, ऑफिसमधल्या, घरातल्या कुणाबद्दल 'काय प्यायलाय रे, भारी आयटम आहे' असं म्हणून सगळे हसतील, तेव्हा एक करा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला फोन करा आणि एकट्यालाच विचारा, 'बरा आहेस ना?' उत्तर लगेच खरं येईलच असं नाही. दुसऱ्यांदा विचारा.

प्रश्न, दुरुस्त्या, अनुभव नेहमीच्या पत्त्यावर पाठवा. नाव जाहीर करू नका असं लिहिलंत तर ते कुठेही येणार नाही. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.